समान वाटणीतून अपूर्णांक: लहान मुलांना शिकवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाच ते दहा वर्षांच्या मुलांना शिकवणारे शिक्षक आणि घरी त्यांचा अभ्यास घेणारे पालक अपूर्णांकांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. या सर्व उत्तरांमागे एकच भूमिका आहे. वाटणी करताना जे उरते त्याचे काय करायचे, हा प्रश्न मुलापुढे ठेवावा आणि अपूर्णांक त्याच्याच हातून घडू द्यावा. तयार करून त्याच्यापुढे मांडू नये.

अपूर्णांकांची सुरुवात समान वाटणीपासून का करावी?

वाटणी मुलांना मुद्दाम शिकवावी लागत नाही. शाळेत येण्यापूर्वीच ‘एक तुला, एक मला’ असे करत वस्तू संपेपर्यंत वाटणे बहुतेक मुलांना जमत असते, आणि कोणाच्या वाट्याला जास्त गेले तर ते त्यांच्या लगेच ध्यानात येते. या अनुभवावर उभे राहून मोजणी आणि भागाकार शिकवले जातात. मात्र अपूर्णांकांची वेळ आली की आपण हा अनुभव बाजूला ठेवतो आणि एक वर्तुळ काढून त्याचे चार भाग करून त्यांतील तीन रंगवून दाखवतो. मूल ते रंगवते, खाली ३/४ असे लिहिते, आणि हे सारे कशासाठी चालले आहे हे त्याला समजलेले नसते.

याउलट, दोन मुलांत पाच बिस्किटे सारखी वाटायला सांगितली की प्रत्येकी दोन दिल्यावर एक उरते. पूर्ण संख्यांच्या भागाकारात आपण ‘बाकी एक’ म्हणून थांबतो. पण बिस्किट मोडता येते हे मुलाला ठाऊक असते आणि उरलेले बिस्किट तसेच ठेवणे त्याला पटत नाही. ते त्याचे दोन सारखे तुकडे करते आणि सांगते की प्रत्येकाला दोन आणि अर्धे मिळाले. येथे अपूर्णांकाची गरज मुलाला स्वतःला भासली, आणि ‘अर्धे’ हा शब्द एका खऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून आला.

याला आणखी एक कारण आहे आणि माझ्या मते तेच अधिक महत्त्वाचे आहे. वाटणीतून आलेला अपूर्णांक हा भागाकारच असतो. कागदाच्या तीन पट्ट्या चार जणांत वाटल्या की प्रत्येकाला ३/४ पट्टी मिळते, म्हणजेच ३ ÷ ४ आणि ३/४ या एकाच गोष्टीच्या दोन लिखित रूपांचा परिचय मुलाला कोणताही नियम न सांगता होतो. केवळ रंगवलेल्या आकारांवरून शिकलेल्या कित्येक मुलांना हा संबंध वरच्या वर्गांत गेल्यावरही उमगलेला नसतो, आणि मग बीजगणितात अपूर्णांकाची आडवी रेघ भागाकाराची आहे हे त्यांना नव्याने सांगावे लागते.

हे कोणत्या वयापासून सुरू करता येते?

दोघांत वाटून एक उरते अशा प्रकारचे प्रश्न पाच-सहा वर्षांच्या मुलांनाही सोडवता येतात. अमेरिकेतील सुसान एम्पसन यांनी पहिलीच्या एका वर्गात समान वाटणीच्या आधारे अपूर्णांक शिकवून त्याचा अभ्यास १९९९ साली प्रसिद्ध केला. त्या वर्गातील मुले स्वतःच्या चित्रांतून आणि आपसांतील चर्चेतून अपूर्णांकांविषयी विचार करू लागली होती. लिखित चिन्हांची घाई मात्र या वयात करू नये. तोंडी शब्द, चित्रे आणि प्रत्यक्ष कापलेले तुकडे एवढे पुरेसे आहे.

पहिले प्रश्न कसे निवडावेत? आकड्यांना काही क्रम असतो का?

असतो, आणि या पद्धतीतील शिक्षकाचे खरे कौशल्य आकडे निवडण्यातच आहे. सुरुवातीला वस्तू वाटेकऱ्यांपेक्षा जास्त असाव्यात, म्हणजे मुलाला काही वस्तू अखंड वाटता येतात आणि ओळखीच्या कामापासून सुरुवात होते. वाटेकरी प्रथम दोन असावेत, नंतर चार. कारण अर्धे करणे आणि अर्ध्याचे पुन्हा अर्धे करणे मुलांना सर्वांत आधी जमते. दोन जणांत पाच, दोन जणांत सात, चार जणांत पाच, चार जणांत दहा असे प्रश्न यासाठी चांगले आहेत. यांपैकी चार जणांत दहा हा प्रश्न विशेष उपयोगी आहे, कारण प्रत्येकी दोन दिल्यावर दोन उरतात आणि त्या दोन वस्तूंचे अर्धे-अर्धे करावे की प्रत्येकीचे चार तुकडे करावेत, हा निर्णय मुलाला घ्यावा लागतो.

त्यानंतर तीन वाटेकरी यावेत. येथे मुलांना पहिल्यांदा थांबून विचार करावा लागतो, कारण अर्धे करून काम भागत नाही. तीन जणांत चार, तीन जणांत सात आणि मग सहा जणांत आठ असे पुढे जाता येते. वस्तू वाटेकऱ्यांपेक्षा कमी असलेले प्रश्न, म्हणजे चार जणांत तीन किंवा तीन जणांत दोन, हे शेवटी द्यावेत. त्यांत एकही अखंड वस्तू कोणाच्या वाट्याला येत नाही, आणि हे काही मुलांना प्रथम अशक्यच वाटते. ‘तीनच आहेत, चौघांना कशा पुरतील?’ असे मूल म्हणाले तर त्याला घाईने उत्तर देऊ नये. तो प्रश्न त्याच्यापाशी काही वेळ राहू द्यावा.

आणखी एक पथ्य पाळावे: अधूनमधून न कापता येणाऱ्या वस्तूंचा प्रश्न द्यावा. चार मुलांत दहा फुगे वाटायचे असतील तर उरलेले दोन फुगे कापून चालत नाहीत. उत्तरात अपूर्णांक कधी अर्थपूर्ण ठरतो आणि कधी ठरत नाही, हा विचार मुलाने पहिल्यापासून करायला हवा.

वाटण्यासाठी कोणते साहित्य वापरावे?

कागदाच्या सारख्या लांबीच्या पट्ट्या सर्वांत सोयीच्या. वर्तुळाचे दोन, चार किंवा आठ भाग करणे सोपे असते, पण तीन किंवा पाच समान भाग करणे लहान हातांना जवळजवळ अशक्य असते. मग मुलाची शक्ती गणिताऐवजी रेघ मारण्यात खर्च होते. पट्टीला घडी घालता येते, तिचे तुकडे एकमेकांशेजारी ठेवून लांबी पडताळता येते आणि पुढे हीच पट्टी संख्यारेषेवर ठेवता येते.

पट्टीचे तीन, पाच किंवा सात समान भाग करण्याची एक युक्ती शिक्षकांना माहीत असावी. रेघी वहीच्या पानावर पट्टी तिरकी ठेवावी, अशी की तिचे एक टोक एका रेघेवर आणि दुसरे टोक त्यापासून सातव्या रेघेवर येईल. मधल्या रेघा पट्टीच्या कडेला जेथे छेदतात तेथे खुणा केल्या की पट्टीचे सात समान भाग होतात. रेघांमधील अंतर सारखे असल्यामुळे हे साधते. लहान मुलांना कारण सांगण्याची गरज नाही, पण मोठ्या मुलांना ते शोधायला सांगितले तर भूमितीचा एक सुंदर प्रश्न हाती लागतो.

मातीचा गोळा, दोरी, भांड्यातील पाणी यांचाही उपयोग करावा, म्हणजे अपूर्णांक केवळ सपाट आकारांचेच असतात असा समज होत नाही.

माझी मुलगी प्रत्येक वस्तूचे अर्धेच करत राहते. तिला तीन भाग कसे शिकवावेत?

हा टप्पा स्वाभाविक आहे आणि तो वगळता येत नाही. इव्हॉन पोथिए आणि डायो सवाडा या संशोधकांनी १९८३ साली मुलांच्या तुकडे करण्याच्या पद्धतींचा अभ्यास मांडला. त्यातून असे दिसले की मुले आधी अर्धे करायला शिकतात, मग अर्ध्याचे अर्धे करत चार, आठ असे भाग करतात, नंतर सहासारख्या सम संख्येचे भाग त्यांना जमू लागतात आणि तीन, पाच असे विषम भाग त्याहूनही उशिरा येतात.

चार पट्ट्या तीन बाहुल्यांत वाटणारी मुलगी काय करते ते बारकाईने पाहावे. ती प्रत्येकीला एकेक पट्टी देते. उरलेल्या पट्टीला मधोमध घडी घालून ती कापते आणि हातात दोन तुकडे घेऊन तिन्ही बाहुल्यांकडे पाहते. दोन तुकडे तिघींना पुरत नाहीत, म्हणून ती प्रत्येक तुकडा पुन्हा मधोमध कापते. आता चार तुकडे झाले. तीन वाटले आणि एक उरला. तो चिमुकला तुकडा ती पुन्हा दोनदा कापते, तीन वाटते, आणि पुन्हा एक उरतो. आता तो इतका लहान झालेला असतो की कात्रीत नीट सापडत नाही. काही मुले या ठिकाणी तो तुकडा फेकून देतात, काही तो स्वतःकडे ठेवतात, आणि काही जण म्हणतात, ‘हा कितीही कापला तरी एक उरणारच.’

हे शेवटचे वाक्य गणिताच्या दृष्टीने फार मोलाचे आहे. या मुलीने प्रत्येक बाहुलीला उरलेल्या पट्टीचा आधी १/४, मग १/१६ भाग दिला आणि तशीच पुढे जात राहिली असती तर १/६४, १/२५६ अशी मालिका झाली असती. या भागांची बेरीज १/३ च्या जवळ जवळ जात राहते, पण कोणत्याही टप्प्यावर तेथे पोहोचत नाही. मुलीला हे सांगायचे नाही. तिला एवढेच विचारावे, ‘एकही तुकडा उरू नये म्हणून पहिल्याच वेळी किती तुकडे करायला हवे होते?’ आपण कापण्याआधी वाटेकऱ्यांची संख्या पाहिली पाहिजे, हे तिला स्वतःच्या अडचणीतून समजले तर ते पक्के राहते. आधीच ‘तीन जण आहेत, तर तीन तुकडे कर’ असे सांगितले तर ती तसे करील, पण का ते तिला कळणार नाही.

तुकडे लहानमोठे झाले तरी मुलाला ते ‘समान’ वाटतात. काय करावे?

पुष्कळ मुलांच्या दृष्टीने प्रत्येकाला सारख्या संख्येने तुकडे मिळाले की वाटणी समान झाली. येथे नियम समजावण्यापेक्षा मुलाला विचारावे, ‘यातला कोणता वाटा तू घेशील?’ मोठ्या तुकड्याकडे हात गेला की वाटणी समान नव्हती हे त्याला उमगते. तुकडे एकावर एक ठेवून पडताळण्याची सवयही लावावी. मात्र चित्रात हाताने मारलेल्या रेघा थोड्या वाकड्या आल्या म्हणून टोकू नये. मुलाच्या मनात समान भागच आहेत ना, एवढे विचारून घ्यावे.

पुढच्या टप्प्यावर उलट चूक दिसते: आकार वेगळा असला की भाग समान असूच शकत नाही असे मुले मानू लागतात. एकाच मापाचे दोन चौरस कागद घेऊन एकाला मधोमध उभी घडी घालावी आणि दुसऱ्याला कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी घडी घालावी. एकाचा अर्धा भाग आयत, तर दुसऱ्याचा त्रिकोण. कोणता मोठा, असे विचारल्यावर बहुतेक वेळा वर्गात दोन तट पडतात. मग त्रिकोणाची एक लहान बाजू घेऊन, तिच्या मध्यापासून दुसऱ्या लहान बाजूला समांतर असा छेद घ्यावा आणि सुटलेला छोटा त्रिकोण फिरवून लांब बाजूला जोडावा. नेमका तोच आयत तयार होतो. हे एकदा स्वतःच्या हाताने केलेले मूल पुन्हा आकारावरून फसत नाही.

दोन मुलांनी एकच वाटणी वेगवेगळ्या प्रकारे केली. बरोबर कोणाचे?

वाटे समान असतील आणि काही उरले नसेल, तर दोघांचेही. आणि हा प्रसंग वर्गात आला की बाकीचे काम थांबवून त्याला पूर्ण वेळ द्यावा, कारण सममूल्य अपूर्णांक आणि अपूर्णांकांची बेरीज या दोन्हींची सुरुवात येथे होते.

तीन पट्ट्या चार जणांत वाटण्याचा प्रश्न घेऊ. एक मूल प्रत्येक पट्टीचे चार भाग करते आणि प्रत्येकाला प्रत्येक पट्टीतला एकेक भाग देते. त्याचे उत्तर ‘तीन पाव’. दुसरे मूल दोन पट्ट्यांचे अर्धे-अर्धे करून चौघांना देते आणि तिसऱ्या पट्टीचे चार भाग करते; त्याचे उत्तर ‘एक अर्धा आणि एक पाव’. आता दोघांचे वाटे शेजारी ठेवून कोणाला जास्त मिळाले ते वर्गाला ठरवू द्यावे. अर्ध्या पट्टीवर दोन पाव बरोबर बसतात हे पाहिले की १/२ + १/४ = ३/४ हे विधान मुले पुस्तकाविना मान्य करतात.

ही दुसरी पद्धत फार जुनी आहे. प्राचीन इजिप्तमध्ये इसवी सनापूर्वी सुमारे १५५० च्या काळात आहमोस नावाच्या लेखनिकाने नकलून ठेवलेल्या, आज ऱ्हाइंड पपायरस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गणिती दस्तऐवजात भाकरी दहा जणांत वाटण्याचे प्रश्न आहेत. सहा भाकरी दहा जणांत वाटताना तेथील उत्तर १/२ + १/१० असे आहे. म्हणजे पाच भाकरींचे अर्धे करून दहा जणांना द्यायचे आणि उरलेल्या एकीचे दहा भाग करायचे. चौथीतील मूल जेव्हा ‘आधी मोठे तुकडे देऊ, मग उरलेले बारीक करू’ असे म्हणते, तेव्हा ते त्या लेखनिकाच्याच वाटेने चाललेले असते. मी शिक्षकांना आवर्जून सांगते की अशा मुलाला ‘सगळ्यांचे दहा-दहा भाग कर, ते सोपे आहे’ असे सांगून त्याची पद्धत मोडू नये.

सममूल्य अपूर्णांकांसाठी नेदरलँड्समधील लेन स्ट्रीफलांड यांनी वापरलेली बैठकीची कल्पना मला फार उपयोगी वाटते. चोवीस मुलांसाठी अठरा वस्तू आहेत, पण सगळी मुले एका टेबलाभोवती मावत नाहीत. म्हणून बारा-बारा मुलांची दोन टेबले केली, तर प्रत्येक टेबलावर किती वस्तू ठेवाव्यात म्हणजे कोणावर अन्याय होणार नाही? नऊ. सहा-सहाची चार टेबले केली तर? येथे अठराचे चार भाग करताना साडेचार येतात, आणि मुलांना तेही चालते. चार-चारची सहा टेबले केली तर प्रत्येक टेबलावर तीन. अठरा चोवीसांश, नऊ बारांश आणि तीन चतुर्थांश यांत प्रत्येकाचा वाटा तोच राहतो हे मुले अंश-छेदाला भागण्याचा नियम ऐकण्यापूर्वीच शिकतात.

अंश आणि छेद लिहायला केव्हा शिकवावे?

मूल आपल्या वाट्याचे वर्णन शब्दांत बिनचूक करू लागल्यावर. आधी ‘अर्धा’, ‘पाव’ हे ओळखीचे शब्द, मग ‘एक तृतीयांश’, ‘एक षष्ठांश’, मग ‘दोन तृतीयांश’ असे शब्दांत लिहू द्यावे आणि चिन्ह त्यानंतर आणावे. २/३ हे चिन्ह मुलाला दोन सुट्या संख्यांसारखे दिसते, तर ‘दोन तृतीयांश’ म्हणताना ते तृतीयांश नावाच्या दोन वस्तू मोजत असते. याच कारणासाठी पहिले काही महिने ‘दोन छेद तीन’ असे वाचन टाळावे असे मला वाटते. माणसालाही हे लेखन सहजासहजी सुचलेले नाही: भारतीय गणितात अंश वर आणि छेद खाली लिहिण्याची रीत जुनी असली तरी त्यांच्यामध्ये रेघ नव्हती, आणि ती आडवी रेघ बाराव्या शतकात अरबी गणितज्ञांच्या लेखनात दिसू लागली.

१/८ हा १/४ पेक्षा मोठा आहे, कारण ८ मोठे आहेत, असे मूल म्हणते. ही चूक कशी दुरुस्त करावी?

पूर्ण संख्यांचे नियम मूल अपूर्णांकांना लावते, त्यातून ही चूक होते. ‘छेद मोठा तर अपूर्णांक लहान’ हा नियम पाठ करून घेतला तर ती वरवर दुरुस्त होते आणि ३/४ व ५/८ समोर आले की पुन्हा उफाळते. त्याऐवजी विचारावे: ‘एक पट्टी चौघांत वाटली तर जास्त मिळेल की आठ जणांत?’ वाटेकरी वाढले की वाटा घटतो, हे मुलाला सांगावे लागत नाही.

वाटणीचा हा आधार सुटला की काय होते ते १९७८ सालच्या एका निकालात स्पष्ट दिसते. अमेरिकेतील राष्ट्रीय शैक्षणिक मूल्यमापनात तेरा वर्षांच्या विद्यार्थ्यांना १२/१३ + ७/८ या बेरजेचे केवळ अंदाजी उत्तर विचारले होते आणि १, २, १९, २१ असे पर्याय दिले होते. दोन्ही अपूर्णांक एकाच्या अगदी जवळ असल्याने उत्तर २ हे उघड आहे; पण ते फक्त २४ टक्के विद्यार्थ्यांनी निवडले, आणि निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांनी १९ किंवा २१ हे अंशांच्या किंवा छेदांच्या बेरजेतून आलेले पर्याय निवडले. त्या मुलांना अपूर्णांकांची बेरीज शिकवली गेली नव्हती असे नाही. त्यांना १२/१३ म्हणजे किती, हेच जाणवत नव्हते.

तुलनेसाठी एक प्रश्न मी नेहमी सुचवते. एका गटात तीन मुलांत दोन पट्ट्या वाटल्या, दुसऱ्या गटात चार मुलांत तीन; कोणत्या गटात बसायला तुला आवडेल? काही मुले तुकडे करून पाहतात. पण एखादे मूल म्हणते की पहिल्या गटात प्रत्येकाला पूर्ण पट्टीसाठी एक तृतीयांश कमी पडतो आणि दुसऱ्या गटात फक्त पाव कमी पडतो, म्हणून दुसरा गट बरा. समान छेद करण्याची रीत ठाऊक नसताना केलेला हा विचार आहे आणि तो सर्व वर्गाला ऐकवण्यासारखा आहे.

पाच पट्ट्या चौघांत वाटल्यावर मूल ‘५/२०’ असे उत्तर देते. हे चूक आहे का?

हे उत्तर चूक म्हणून खोडण्याआधी ते कोठून आले ते पाहावे. मुलाने प्रत्येक पट्टीचे चार भाग केले, एकूण वीस तुकडे झाले, आणि प्रत्येकाला पाच मिळाले. वीसपैकी पाच, म्हणून ५/२०. सर्व पट्ट्या मिळून एक संपूर्ण मानले तर हे उत्तर बरोबर आहे, कारण चौघांपैकी प्रत्येकाला एकंदर मालाचा चौथा हिस्सा मिळालाच. पण प्रश्न ‘प्रत्येकाला किती पट्ट्या मिळाल्या’ असा असेल तर एकक एक पट्टी आहे, आणि तिच्या पाच चतुर्थांशांचे उत्तर ५/४, म्हणजे सव्वा पट्टी.

अपूर्णांक कशाचा, हे ठरल्याशिवाय अपूर्णांकाला अर्थ नसतो. आणि ही गोष्ट शिकवण्याची याहून चांगली संधी मिळणार नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून ‘पाव’ या उत्तरावर ‘कशाचा पाव?’ असे विचारण्याची सवय ठेवावी. प्रश्नही मोघम देऊ नये: ‘प्रत्येकाला किती मिळेल?’ असे न विचारता ‘प्रत्येकाला किती पट्टी मिळेल?’ असे विचारावे.

वाटणीतून शिकलेल्या मुलांना ५/४ सारखे छेदापेक्षा अंश मोठा असलेले अपूर्णांक विचित्र वाटत नाहीत, हा याचा आणखी एक लाभ. एकाच वर्तुळाचे भाग रंगवत शिकलेले मूल मात्र ‘चार भागांतले पाच कसे रंगवायचे?’ असे विचारते, आणि त्याची अडचण अगदी रास्त असते.

मग रंगवलेले आकार वापरूच नयेत का?

वापरावेत, पण नंतर. वाटणी करताना मुलाला संपूर्ण कोणते, तुकडे किती आणि ते समान कसे हे तिन्ही निर्णय स्वतः घ्यावे लागतात. तयार चित्रात ते आधीच घेतलेले असतात.

मूल अडले तर किती मदत करावी?

प्रश्न समजावून सांगण्यापुरती पूर्ण मदत करावी, तो सोडवण्यात शक्य तितकी कमी. मूल गोंधळले असेल तर पद्धत दाखवण्याऐवजी आकडे सोपे करावेत. तीन वाटेकऱ्यांशी झगडणाऱ्या मुलाला काही दिवस चार वाटेकरी द्यावेत. ‘तू हे कसे केलेस?’ हा प्रश्न बरोबर उत्तरालाही विचारावा, कारण तो केवळ चुकल्यावरच विचारला तर मुले तो ऐकताच खोडरबर हाती घेतात.

बेरीज-वजाबाकीच्या रीती केव्हा आणाव्यात?

मुलाने १/२ + १/४ चे उत्तर २/६ असे लिहिले, तर २/६ म्हणजे पट्टीचा तिसरा भाग आणि तो अर्ध्याहून कमी आहे, हे त्याला पट्टीवर पाहू द्यावे. ‘तुझ्याकडे अर्धी पट्टी होती, त्यात आणखी मिळाली, मग ती अर्ध्याहून कमी कशी झाली?’ या प्रश्नाने जे मूल स्वतःचे उत्तर संशयाने पाहू लागते, ते रीत शिकायला तयार आहे. ज्याला यात काही विसंगत वाटत नाही, त्याने आणखी वाटण्या कराव्यात.

या पद्धतीच्या मर्यादा कोणत्या?

वाटणीतून अपूर्णांक ‘मिळालेला भाग’ म्हणून समजतो. तो एक संख्या आहे आणि संख्यारेषेवर त्याला ठरलेली जागा आहे, हे त्यातून आपोआप समजत नाही. त्यासाठी मापनाची जोड द्यावी लागते. घड्या घातलेली पट्टी रेषेवर ० पासून ठेवून खुणा कराव्यात, तीच पट्टी १ च्या पुढे सरकवून ५/४, ६/४ या खुणा कराव्यात, आणि १/२ व ३/४ यांच्या मध्ये आणखी एखादी संख्या बसते का ते विचारावे. पट्टीला आणखी एक घडी घातली की ५/८ सापडतो, आणि दोन संख्यांमध्ये नेहमीच आणखी संख्या असतात या कल्पनेचे दार उघडते.

अपूर्णांकाने अपूर्णांकाला भागण्याचाही अर्थ वाटणीने नीट लागत नाही, कारण पाव माणसात काही वाटता येत नाही. तेथे ‘अर्ध्या लिटरमध्ये पाव लिटरची मापे किती?’ असा मापनाचाच प्रश्न हवा.

मुलाला खरोखर कळले आहे हे कसे ओळखावे?

उत्तरपत्रिकेवरून पुरते कळत नाही. मुलाला ५/६ हे उत्तर द्यावे आणि त्या उत्तराचा वाटणीचा प्रश्न स्वतः तयार करायला सांगावा. ‘पाच पट्ट्या सहा जणांत वाटल्या’ असा प्रश्न त्याने तयार केला आणि पट्ट्या न कापताच प्रत्येकाचा वाटा एका पट्टीपेक्षा थोडा कमी का येईल हे सांगितले, तर भागाकार आणि अपूर्णांक यांची सांगड त्याच्या मनात बसली आहे. ‘एका पट्टीचे सहा तुकडे केले आणि पाच घेतले’ असे त्याने लिहिले तर तेही बरोबरच आहे. पण त्यात वाटेकरी कोठे आहेत, असे विचारावे आणि त्याला पुन्हा पट्ट्या व कात्री द्यावी.